सात पायांचे बाबा

फाटकातून आत आल्यावर ताईला आधी वाटलं, आपण भलत्याच ठिकाणी आलो.

वाटेच्या दोन्ही बाजूंना कमरेएवढं गवत असायचं. ते इतकं तळातून कापलं होतं की दाढी केल्यावर गाल दिसावा तशी जमीन दिसत होती. झाडांखाली पानं नव्हती. खराट्याने ओढून नेलेली, आणि मातीवर त्या खराट्याचे फराटे. अवजारांच्या शेडवर कुणीतरी पाइपने पाणी मारलं होतं आणि छताच्या कडेला वर्षानुवर्षं लोंबणारी जळमटं एकूण एक गेली होती.

शेडच्या दारात तिचा धाकटा भाऊ उभा होता. पन्नाशी उलटलेला आणि दार भरून उरणारा हा माणूस घरात अजून छोट्या होता. बाहेर तो अध्यक्ष होता, या राखीव रानाच्या समितीचा. अंगात पांढरा शर्ट, आणि चेहऱ्यावर पाहुण्यांना घर दाखवताना असतं तसलं हसू.

"कसं वाटतंय?" तो म्हणाला. "काल दिवसभर माणसं लावली होती. म्हटलं, तुमची पाहणी आहे, तुम्हाला शोधायला सोपं जाईल."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"छोट्या," ती म्हणाली, "आम्ही कोळी मोजायला आलोय."

"हो ना! मग? गवतात काय दिसणार होते तुला?"

घाण करणाऱ्यांसाठी जगात दंड आहेत, पाट्या आहेत. स्वच्छ करणाऱ्यांना मात्र कोणी आवरत नाही. वर त्यांना शाबासकी हवी असते. छोट्या ती शाबासकी मिळायची वाट बघत उभा होता, आणि ताई दात-ओठ खात होती.

दातांशी तिचा तसा रोजचाच संबंध. ती कवळ्या बनवायची. आठवडाभर दुसऱ्यांच्या तोंडात नीट बसेल असं काहीतरी घासायचं आणि रविवारी या रानात कोळी शोधायचे, असा तिचा शिरस्ता. तिच्या गटात आणखी दोघं. पोस्टातून निवृत्त झालेल्या एक मावशी, ज्यांची नजर अजून तिखट होती, आणि एक चष्मेवाला, ज्याच्याकडे उत्तम भिंगं होती आणि जो तोंड मिटून बसू शकत नसे. तिघांचं सामान साधंच. एक पांढरी छत्री, जी झुडपाखाली उलटी धरायची आणि झुडूप काठीने बडवायचं. एक मोठी चाळण, एक पांढरी चादर. आणि प्रत्येकाच्या गळ्यात एक ओढनळी, म्हणजे दोन नळ्या बसवलेली छोटी बाटली. एका नळीचं टोक प्राण्यावर धरायचं, दुसरीतून श्वास ओढायचा, की प्राणी बाटलीत. मधे बारीक जाळी असते, नाहीतर तो थेट पोटात. जाळी फाटलेली असताना काय होतं, ते चष्मेवाल्याने एकदा अनुभवलं होतं आणि तेव्हापासून येईल-जाईल त्याला सांगितलं होतं.

आज तोही गप्प होता.

"ओला कोपरा?" मावशींनी हळूच विचारलं.

ताई चालू लागली. चालू नाही, धावूच लागली.

ओला कोपरा म्हणजे रानाच्या मागच्या भिंतीपाशी, डबक्याच्या अंगाला असलेली सखल जागा. तिथे कुजलेले ओंडके एकावर एक पडलेले असायचे आणि त्यांच्यावर पानांचा हा एवढा थर. आता ओंडके नव्हते. काळी उघडी माती होती, नीट सपाट केलेली, आणि चार खुंट्या ठोकून त्यांना दोरी बांधलेली. उद्या सकाळी सुतार येऊन तिथे लाकडी ओटा घालणार होते. ओट्यावर बाक, आणि बाकावर बाबांच्या नावाची पितळी पट्टी.

हेच तर सगळं भांडण होतं.

बाबा जन्मभर घड्याळं दुरुस्त करायचे. हे रान राखीव व्हावं म्हणून दारोदार फिरले ते बाबाच. म्हातारपणी ते रोज या कोपऱ्यात यायचे, आणि वारले त्या वर्षी त्यांना तिथे एक लांबटांग्या दिसला. लांबटांग्या म्हणजे कोळी नव्हे. कोळ्याला कंबर असते, याला नसते. एकच गोळा आणि त्याला केसासारखे लांब आठ पाय. हा जाळं विणत नाही, विषही नाही बिचाऱ्याकडे. पण बाबांना दिसला तो नेहमीचा नव्हता. पाठीवर पांढरी खूण आणि तोंडाशी शिंगांसारखे दोन काटे. असला प्राणी जुन्या, ओल्या, कुणी हात न लावलेल्या जागीच राहतो, आणि या भागात तो आहे असं कुणालाच माहीत नव्हतं. बाबांनी समितीच्या बैठकीत उभं राहून हे सांगितलं. कुणीतरी गमतीने विचारलं, पाय किती होते? बाबा म्हणाले, सात. कारण सात होते.

खोली हसली. ताई ओरडून सांगत होती की लांबटांग्या धरला की पाय टाकून देतो, टाकलेला पाय कितीतरी वेळ वळवळत राहतो, यात हसण्यासारखं काही नाही. कोण ऐकतंय! एकाने विचारलं, तुमच्याबरोबर कोण होतं तेव्हा? बाबा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "एकटाच होतो." मग तर हसण्याला धरबंध राहिला नाही. छोट्याही हसला. ताईने तो हसताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. घरी आल्यावर बाबा म्हणाले, "हसतील त्यांचे दात दिसतील," आणि विषय बंद केला. पण समितीत त्यांचं नाव 'सात पायांचे बाबा' पडलं ते पडलंच, आणि पुढचा हंगाम बघायला ते राहिले नाहीत.

तेव्हापासून दर हंगामात ताई या कोपऱ्यात गुडघे टेकत होती. सापडायची ती पिल्लं. पिल्लाच्या पाठीवर खूण धड उमटलेली नसते, शिंगं नसतात, आणि पिल्लावरून नाव सांगायचं नाही हा ताईचा नियम होता. तिचा आणखी एक नियम असा की प्राणी नेमका कुठे सापडला हे माहीत नसेल, तर तो सापडलाच नाही. हेच दोन नियम समितीने उचलून तिच्यापुढे ठेवले होते. या रविवारच्या पाहणीत पूर्ण वाढ झालेला तो प्राणी ओल्या कोपऱ्यात दाखवा, ओटा दुसरीकडे घालू. नाही दाखवलात, तर सोमवारी सुतार.

आणि शनिवारी भावाने कोपरा झाडून काढला होता!

"ओंडके कुठायत?" तिने मागे न वळता विचारलं. छोट्या धापा टाकत मागे आला होता.

"ट्रकने नेले काल. कुणाला तरी जळणाला दिले."

"जळणाला."

"कुजके होते गं. एकसुद्धा धड नव्हता."

"कुजके होते म्हणूनच तर!" ताईचा आवाज इतका चढला की डबक्याकाठचा पक्षी उडाला. "तुझ्या घरात कोणी शिरलं, भिंती पाडल्या, छप्पर काढून नेलं आणि म्हणालं, बघा, आता तुम्हाला शोधायला सोपं, तर कसं वाटेल तुला? अरे, एवढं साफ करायचंच होतं तर पाहणी झाल्यावर करायचं होतंस! की मुद्दाम केलंस? सांग ना. मुद्दाम केलंस?"

"मुद्दाम?" छोट्याचं तोंड उघडं राहिलं. "ताई, मी तुझ्यासाठी..."

"माझ्यासाठी काही करू नकोस. आयुष्यात पुन्हा माझ्यासाठी काही करू नकोस."

मुद्दाम केलं नव्हतं, हे तिला बोलताबोलताच कळत होतं. लबाडी करायची अक्कल छोट्याला कधीच नव्हती. त्यामुळे तर राग आणखी पेटला. लबाड माणसाला शिव्या देता येतात, या भाबड्याचं करायचं काय? आपलेच दात, आपलेच ओठ.

चष्मेवाल्याने घसा साफ केला. "पानं पण जळणाला गेली का हो, अध्यक्ष?"

"पानं? नाही. ट्रक भरला ना. पोत्यांत भरून फाटकाशी ठेवलीयत."

ताई आधीच निघाली होती.

पोती फाटकामागे एकावर एक रचलेली होती. फुगलेली, सगळी एकसारखी, तोंडाला तार पिळलेली. रानभरची पानं. मावशी म्हणाल्या, "अगं, पण यातलं कुठलं कुठलं, ते कसं कळणार?"

"नाही कळणार."

"मग मिळालं तरी ते तुझ्याच नियमाने..."

"माहीत आहे मला, मावशी!" मग तिने आवाज खाली आणला, कारण मावशींचा काही दोष नव्हता. "मला बघायचंय. समिती गेली खड्ड्यात. बाबांना दिसला तो होता की नव्हता, एवढं मला बघू द्या."

शेडमध्ये चादर पसरली. धुतलेल्या शेडला फिनेलचा वास येत होता आणि ताईला त्या वासाचाही राग आला. एक पोतं उघडायचं, चाळणीत पानं घ्यायची, चाळण चादरीवर हलवायची, आणि खाली जे पडेल त्यावर तिघांनी डोळे रोवून बसायचं. एका पोत्याचं संपलं की चादर बाहेर झटकून मगच दुसरं. कोळी भरपूर पडत होते. लगेच पळणारे, मेल्याचं सोंग घेणारे, अंड्यांची पिशवी सोडायला तयार नसणारी एक आई. मावशी एकेकाला ओढनळीने उचलून डब्यांत टाकत होत्या.

छोट्या दारात उभा राहून बघत होता. मग न विचारता आत आला आणि त्याने पोतं उचलून चाळणीवर तिरकं धरलं. ते पोतं एकट्याने उचलणं ताईला जमलं नसतं, त्यामुळे तिने धरू दिलं. पण राग असा किती वेळ तोंडात धरून ठेवणार?

"तू हसला होतास," ती म्हणाली. डोळे चादरीवरच. "सगळे हसले त्याचं मला काही नाही. ते परके होते. तू का हसलास?"

"सगळे हसले म्हणून."

"वा! काय पण उत्तर आहे!"

"मग काय सांगू?" आता छोट्याचाही आवाज बदलला. "तुला सगळं सोपं आहे, ताई. तुला एक किडा सापडला की बाबा खरे ठरले, झालं. बाबांचं शेवटचं वर्ष तू किती पाहिलंस? तुला कवळ्या होत्या, तुझे कोळी होते. इथे रोज संध्याकाळी त्यांना हाताला धरून मी आणायचो. आल्यावर बसायला जागा नाही. ओंडके ओले, कुजके, बसलं की मोडायचे. ते भिंतीला टेकून उभे राहायचे आणि पाय भरून आले की मला म्हणायचे, चल रे. मन भरायच्या आत चल रे! म्हणून मला तिथे बाक हवाय. माझ्या नावाची पट्टी नाही मागितली मी."

चाळण थांबली होती. मावशी डब्यांकडे बघत होत्या. चष्मेवाला स्वतःचंच भिंग पुसत होता, स्वच्छ असलेलं.

उत्तर सुचलं नाही की तिला जास्त राग यायचा, हे तिच्या ओळखीच्या सगळ्यांना ठाऊक होतं. तिने पुढचं पोतं ओढलं. याच्या तोंडाला तार नव्हती. निळी नायलॉनची दोरी होती, कपडे वाळत घालायची असते तसली, आणि तिला अशी गाठ मारलेली की नखाने सुटेना. "कुठल्या गाढवाने बांधलंय हे?" म्हणत तिने कात्री घेतली, दोरी कापली आणि बाजूला भिरकावली. छोट्या काही बोलला नाही.

या पोत्यातली पानं काळी आणि जड होती. दुसऱ्या की तिसऱ्या चाळणीला मावशींनी ताईचं मनगट धरलं.

चादरीवर एक लांबटांग्या उभा होता. उभा म्हणजे, पाय पसरून अधांतरी तोललेला, पाळण्यासारखा किंचित हलत. पाठीवर पांढरी खूण. ठळक, रंगवल्यासारखी. आणि तोंडाशी दोन काटे, पुढे वळलेले.

चष्मेवाल्याने भिंग पुढे केलं. ताईने पाहिलं. मग मावशींनी. मग पुन्हा ताईने.

"नर आहे," ती म्हणाली. "पूर्ण वाढीचा."

"मग झालं की!" चष्मेवाला जवळजवळ नाचला. "कोपऱ्यातलाच असणार, ताई! दुसरीकडून कुठून येतोय तो?"

"असणार?" ताई त्याच्यावर उसळली. "असणार म्हणजे काय? बसेल बहुतेक, असं म्हणून मी कधी कुणाला कवळी दिलीय का? या पोत्यावर लिहिलंय का कुठलं ते? रानभर माणसं खराटे मारत होती. कुठलंही असेल. 'असणार' म्हणून समितीपुढे गेले तर पुन्हा हसतील, आणि या वेळी बरोबर हसतील."

ती मटकन खाली बसली. बाबा खरे होते. ते आता तिला माहीत होतं, आणि सांगता येत नव्हतं. ज्या नियमाच्या जोरावर तिने आजवर भल्याभल्यांना गप्प केलं होतं, तो नियम आता तिच्याच घशात अडकला होता. भावाने पानं भरली होती, तोंड मात्र तिचं बंद झालं होतं. असा संताप तिला बाबा गेले तेव्हाही आला नव्हता. तेव्हा निदान रडता तरी आलं होतं.

छोट्या कधी वाकला ते कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याने हात पुढे केला आणि आपल्या जाड बोटांच्या चिमटीत तो प्राणी धरला, नीट बघायला.

"सोड!" ताई किंचाळली. तिने त्याच्या हातावर फटका मारला, लहानपणी मारायची तसा.

प्राणी चादरीवर पडला आणि सरकत कडेला गेला. एक पाय मागे राहिला होता. एकटा पडलेला तो पाय वाकत होता, सरळ होत होता, पुन्हा वाकत होता, कुणीतरी अजून चालतंय असा.

छोट्याने प्राण्याचे उरलेले पाय मोजले. बोट दाखवून, एकेक.

"सात," तो म्हणाला.

आणि त्याचा चेहरा असा झाला की ताईचा दुसऱ्या फटक्याला उचललेला हात तसाच राहिला.

"असाच धरला होता बाबांनी," छोट्या म्हणाला. "हात थरथरायचा ना त्यांचा. भिंग काढायला गेले आणि तो एक पाय टाकून चिमटीतून सुटला. मला म्हणाले, बघ, बघ. मी प्राण्याकडे बघितलंच नाही, ताई. मी हाताकडे बघत होतो. कसा घड्याळातला केसाएवढा स्क्रू धरणारा हात, आणि..."

चष्मेवाल्याने भिंग खाली ठेवलं.

"तू होतास," ताई म्हणाली.

"होतो."

"बैठकीत विचारलं, बरोबर कोण होतं. बाबा म्हणाले, एकटाच होतो."

"त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं." त्याने शर्टाच्या बाहीने नाक पुसलं. पांढऱ्या बाहीवर काळी माती लागली होती. "तेव्हा नुकताच अध्यक्ष झालो होतो गं. लाज वाटली."

म्हणजे मूग गिळून बसलेला साक्षीदार घरातच होता! इतके हंगाम ती गुडघे टेकून शोधत होती, आणि 'मी तिथे होतो' हे एक वाक्य भावाच्या पोटात पडून होतं. ताईला त्याला हलवावंसं वाटलं, मारावंसं वाटलं, चादरीसकट, पोत्यांसकट बाहेर फेकून द्यावंसं वाटलं.

"अजून एक," छोट्या म्हणाला. "हे पोतं कोपऱ्यातलं आहे."

"आता माझी समजूत काढू नकोस."

"समजूत नाही. कोपऱ्याला मी माणसांना हात लावू दिला नाही. ओंडके त्यांनी नेले, पण पानं मी झाडली. बाबांची जागा म्हणून. दोन पोती भरली. तार संपली होती, म्हणून गाडीतली दोरी कापून बांधली. निळी. गाढव मीच."

हे बोलला नसता तर उद्या सुतार येणार होते. बाक होणार होता, पट्टी लागणार होती, आणि त्याला कोणी विचारलंही नसतं. हे ताईला समजलं. पण समजलं म्हणून ती विरघळली असं नाही.

"दोन पोती म्हणालास," तिने विचारलं. "दुसरं कुठाय?"

तिघंही फाटकाशी गेली, छोट्या पुढे. ढिगाच्या तळाशी निळ्या दोरीचं दुसरं पोतं निघालं. इतर सगळ्यांना तार. ताईने चष्मेवाल्याला प्रत्येक पोत्याचं तोंड बघायला लावलं, आणि मग चादर झटकून, उलटून, पुन्हा पसरून ते पोतं चाळलं. त्यात तसलेच आणखी तीन निघाले. मग मात्र तिने सावध होऊन तारेची सगळी पोती चाळली. पाठ मोडली, जेवण राहिलं, छोट्या हूं का चूं न करता पोती धरत राहिला. तारेच्या एकाही पोत्यात पांढऱ्या खुणेचा प्राणी नव्हता.

"आता?" मावशींनी विचारलं.

"आता 'असणार' नाही," ताई म्हणाली. "आता आहे."

दुपार कलताना निळ्या दोरीची पानं कोपऱ्यात परत गेली. ती छोट्याने वाहिली आणि पसरली, हाताने, कारण ताईने त्याला खराट्याला हात लावू दिला नाही. तीन लांबटांगे त्याच पानांत सोडले. ओंडके मात्र कुणाच्या तरी जळणात गेले होते, ते परत येणार नव्हते. छोट्याने मग खुंट्या उपटल्या, एकेक. शर्ट आता पांढरा राहिला नव्हता.

"बाक दुसरीकडे घालता येईल," तो म्हणाला. "फाटकाशी वगैरे."

"फाटकाशी बाबा कधी थांबले होते का?" ताई म्हणाली. मग भिंतीवर हात ठेवत, "इथे त्यांना बसायला जागा नव्हती, हे मला कोणी सांगितलं नाही."

"तू विचारलं नाहीस."

ताई भांडायला वळली. राग होता तिथेच होता, फक्त आता तो दोघांवर वाटला गेला होता. "भिंतीबाहेरच्या बाजूला घाल," ती शेवटी म्हणाली. "वाटेवर. तिथून भिंतीवरून कोपरा दिसतो. आणि बाक लांब कर, दोघं बसतील असा."

शेडमध्ये येऊन ती चिठ्ठी लिहायला बसली. सात पायांचा नर स्पिरिटच्या बाटलीत गेला होता. समितीपुढे पुरावा लागतोच. त्याच बाटलीत तिने तुटलेला पायही घातला. चिठ्ठी पेन्सिलने लिहायची, कारण शाई स्पिरिटमध्ये उतरते. तिने जागा लिहिली, ओला कोपरा, पानांचा थर. मग आलं, गोळा करणारा कोण.

"बाबांचं नाव घाल," छोट्या म्हणाला.

"बाबांनी हा गोळा केलेला नाही. खोटं लिहीत नाही मी." पेन्सिल कागदावर जोरात टेकवत तिने त्याचं नाव लिहिलं. घरातलं नाही, पूर्ण, बाबांच्या नावासकट. आयुष्यात एवढं जड नाव तिने लिहिलं नव्हतं. खाली एक ओळ आणखी घातली आणि चिठ्ठी त्याच्यापुढे सरकवली.

"उद्या बैठक बोलाव, आणि ही बाटली तिथे तू न्यायचीस," ती म्हणाली. "मी मागे बसणार. जे जे हसले होते त्यांच्यासमोर उभा राहून तू वाचायचंस. आणि विचारलं, तेव्हा बाबांबरोबर कोण होतं, तर तेही तूच सांगायचंस."

छोट्याने चिठ्ठी हातात घेतली. हात मातीने काळा झालेला, बोटं बाबांसारखीच. ताईला ते दिसलं, पण तिने नजर कागदावरच ठेवली.

"वाच."

तो ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला.

"ऐकू येत नाही."

छोट्याने घसा खाकरला. "पाय सात," त्याने शेवटची ओळ वाचली.

"मोठ्याने," ताई म्हणाली.